'शून्य अ‍ॅसिक'च्या नावाखाली माझ्या गळ्यात मारलेले रिकामे हॅशबोर्ड

बिटकॉइन मायनिंगच्या यंत्रातील चिप ज्यावर बसतात ते हॅशबोर्ड बिघडल्यावर स्वस्तात घेऊन हौसेखातर दुरुस्त करणाऱ्यांना 'शून्य अ‍ॅसिक, दुरुस्तीयोग्य' ही जाहिरात नवी नाही; यंत्राला बोर्डावरची एकही चिप सापडत नाही, असा तिचा अर्थ. अशाच एका जाहिरातीपायी माझे ५१५ यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेले टेथर कंपनीचे क्रिप्टो-चलन) बुडाले: अँटमायनर एस-१७ प्रो या मायनिंग यंत्राच्या दहा बोर्डांचे प्रत्येकी ३८ प्रमाणे ३८०, पाठवणीचे ७४ आणि पार्सल वाटेत अडकल्याची थाप मारून उकळलेले ६१. या शेवटच्या ६१ ची आठवण झाली की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

या बोर्डावर बीएम १३९७ या अठ्ठेचाळीस चिप एका साखळीत जोडलेल्या असतात. आदेश पहिल्या चिपपासून शेवटच्या चिपपर्यंत जातो आणि उत्तर उलट्या वाटेने परत येते. त्यामुळे एकच चिप मेली तरी यंत्राच्या लॉगमध्ये (नोंदींत) 'शून्य अ‍ॅसिक' उमटू शकते आणि जवळजवळ सगळ्या चिप उतरवून घेतल्या तरी तेच उमटते. हौशी माणूस पहिल्या शक्यतेवर पैसे लावतो. मला दुसरी विकली गेली. अँटमायनरच्या सतरा मालिकेतील हीटसिंक (चिपवरची उष्णता शोषणारे धातूचे तुकडे) सुटून शॉर्ट होण्याचा दोष जगजाहीर असल्याने असे बोर्ड ढिगाने विक्रीला येतात, त्यामुळे दहा नग एकदम मिळण्यात वावगे काहीच वाटण्यासारखे नव्हते. मात्र हीच चिप बिटॅक्स मॅक्ससारख्या छोट्या हौशी मायनरमध्ये बसते आणि उतरवलेल्या चिपांना वेगळे गिऱ्हाईक असते, हे ज्याला ठाऊक असेल त्याने 'कोणीही हात न लावलेला बोर्ड' या शब्दांवर मुळीच विसंबू नये.

मी आंधळेपणाने पैसे पाठवले नव्हते. प्रत्येक बोर्डाच्या बाराही डोमेनच्या (चार-चार चिपांच्या गटांच्या) रेझिस्टन्सचे रीडिंग मी मागितले होते. विक्रेत्याने दहाही बोर्डांचे फोटो पाठवले, सिरीयल नंबरच्या स्टिकरसकट. पण प्रत्येक फोटोत मीटरचे टोक पहिल्याच डोमेनवर टेकलेले होते. उरलेल्या अकरांबद्दल विचारल्यावर उत्तर आले, "तेवढे मोजत बसायला वेळ असता तर मीच दुरुस्त करून चौपट भावाने विकले असते; शोधण्याची मजा तुमच्यासाठी ठेवली आहे." व्यवहार तिथेच मोडायला हवा होता. ज्याला पहिले डोमेन मोजता येते, त्याला दुसरे मोजायला काय धाड भरली होती? परंतु आलेली रीडिंग खरी होती, आकडे जसे असायला हवेत तसेच होते, आणि बोर्ड इतके चकचकीत कसे या शंकेवर त्याने दिलेले अल्ट्रासॉनिक क्लीनिंगचे कारणही पटण्यासारखे होते, कारण दुरुस्ती करणारे ते खरोखरच करतात. माझ्या जागी कोणीही असता तरी त्याने हेच केले असते, असे मला अजूनही वाटते.

पार्सल आल्यावर पहिले डोमेन ठीक दाखवणारा मीटर दुसऱ्यापासून पुढे ओपन, म्हणजे जोडणीच नाही, असे दाखवू लागला. या मालिकेत हीटसिंक सोल्डरने बसवलेले असतात. हा मात्र नखाने उचकटताच हातात आला. खाली पांढऱ्या ग्लूचा जाड थर होता, त्याखाली चिप जिथे जोडतात ते उघडे पॅड, आणि कडेला हॉट एअरने करपलेला तपकिरी फ्लक्स. चार चिप शाबूत, चव्वेचाळीस गायब, आणि दहाही बोर्डांची हीच गत! विक्रेत्याने तोवर खाते बंद केले होते. हीटसिंकच्या कडेने ग्लू दिसला, तर विक्रेता काहीही सांगो, बोर्ड घेऊ नये.

जिथे जाहिरात होती त्या संकेतस्थळाने कळवले की वस्तू 'बिघडलेली' म्हणूनच विकली गेली होती, सबब तक्रार ग्राह्य धरता येत नाही. म्हणजे बिघडलेले म्हणून विटा पाठवल्या तरी चालतील! क्रिप्टो एक्स्चेंजने व्यवहार अपरिवर्तनीय असल्याचे साचेबद्ध उत्तर दिले, जणू ते मला ठाऊक नव्हते. पोलिसांकडे गेलो, तर मोडकी वस्तू विकत घेतलीच कशाला, हा पहिला प्रश्न. दुसरा, ही रक्कम खऱ्या पैशांत किती होते. ट्रॉन या ब्लॉकचेन नेटवर्कवरील व्यवहाराचा हॅश (ओळख क्रमांक), विक्रेत्याच्या वॉलेटचा पत्ता, संभाषणाचे स्क्रीनशॉट, उचकटलेल्या पॅडचे फोटो असे सगळे छापून दिले. टेथर कंपनी तपास यंत्रणेच्या विनंतीवरून एखाद्या पत्त्यावरील यूएसडीटी गोठवू शकते आणि तशी अनेकदा गोठवलीही आहेत, हे मी तेथील अधिकाऱ्याला समजावून सांगितले. त्यांना करायचे होते ते फक्त एक पत्र. त्यावर 'वरिष्ठांना विचारावे लागेल' असे उत्तर मिळाले. ते विचारणे चालू असताना त्या पत्त्यावरील रक्कम दुसरीकडे वळती झाली, आणि हे त्यांना मीच ब्लॉक एक्सप्लोररवर (असे व्यवहार कोणालाही पाहता येणाऱ्या संकेतस्थळावर) दाखवले. त्यानंतर अर्ज दुसऱ्या कक्षाकडे वर्ग झाला. तेथे त्याच कागदांच्या प्रती पुन्हा मागण्यात आल्या.

बोर्ड मोजणाऱ्याचा हात आणि मीटरचा पडदा एकाच अखंड व्हिडिओत दिसत नसेल, तर एक छदामही पाठवू नये. पार्सल अडकल्याचे सांगून आणखी पैसे मागितले, तर मूळ रक्कम बुडाली असे समजावे. माझ्या बोर्डांचे तेच फोटो सध्या दुसऱ्या नावाने, प्रत्येकी ४१ यूएसडीटी भावाने विक्रीला लागले आहेत. संकेतस्थळाला दुवा पाठवला असता, 'आपण या व्यवहारात खरेदीदार नाही' असे उत्तर आले.