तबला बद्द वाजतो तेव्हा: बुकशेल्फ स्पीकर काही महिने वापरून

गणपतीच्या सुमारास टू-वे बुकशेल्फ स्पीकर आणि साधा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर घेतला. खालच्या स्वरांसाठी साडेसहा इंची वूफर, वरच्यांसाठी सॉफ्ट डोम ट्विटर, पाठीमागे पोर्ट, म्हणजे पेटीतली हवा बाहेर सोडणारं भोक. गळा, सतार, हार्मोनियम पहिल्या दिवसापासून सुरेख. तबला मात्र बद्द. चाटेवरचा, म्हणजे कडेच्या पट्टीवरचा ‘ना’ पडद्याआडून आल्यासारखा, आणि डग्ग्याचा घुमारा म्हणजे एकच लांबलेली घूम. ढोलकीचंही तेच.

तबल्यासमोर स्पीकरचा खरा कस लागतो. शाईमुळे, म्हणजे मधल्या काळ्या लेपामुळे, उजव्या हाताच्या तबल्याचे उपस्वर मूळ स्वराच्या जवळपास पूर्ण पटीत बसतात, म्हणून तो स्वरात लागतो, सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये यावर लिहिलं होतं. पण बोटाचा आघात कळतो तो वरच्या, काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि तेही क्षणभरच. तेवढा क्षण झाकला गेला की बोल ओळखू येतात, पण हात ऐकू येत नाही.

ट्रेबल वाढव, असा सल्ला सगळे देतात. वाढवला की तंबोरा आणि गाणाऱ्याचे स-श टोचतात, ‘ना’ जिथल्या तिथे. माझं ठाम मत असं झालंय की अशा वेळी बहुतेकदा वरचं कमी नसतं, खालचं जास्त असतं. खालचा जोरकस आवाज वरच्या नाजूक आवाजाला कानातच झाकून टाकतो. उलट दिशेने हे फारच कमी होतं.

आमची खोली तीन मीटर रुंद. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर तिची पहिली घूम, म्हणजे खोली स्वतःच फुगवते तो स्वर, ५७ हर्ट्झच्या आसपास येते आणि पुढची ११४ च्या, म्हणजे थेट डग्ग्याच्या मुलखात. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर ती सगळीच्या सगळी जागी करतो. शोकेसवरून उतरवून जोडी स्टँडवर घेतली, भिंतीपासून दोन फूट पुढे, ट्विटर बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असा. खोक्यात आलेले फोमचे बोळे पोर्टमध्ये घातले. घुमारा आवरला, डग्ग्यावर मनगटाने काढलेली मींड, म्हणजे घसरता स्वर, सुटी ऐकू आली आणि ‘ना’ आपोआप पुढे आला. ट्रेबलचा खटका आता मध्यावरच आहे.

आणखी एक सापडलं. जोडणी करून गेलेल्या माणसाने एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट लावल्या होत्या. तपासायला जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावावं: आवाज बरोबर मधोमध न येता खोलीभर पसरला, तर तारा बघाव्यात. फोनमधला बास बूस्टही बंद करावा. जाड पडदे वरचे स्वर पितात, खालचे फारसे नाहीत. निम्मे सरकवले तरी फरक पडतो.

मात्र तपासणी एकल तबल्यावरच करावी. मैफलीच्या कित्येक जुन्या मुद्रणांत तबला मायक्रोफोनपासून लांब आहे, तिथे कुठलाही स्पीकर काही करू शकत नाही.

रात्री हळू आवाजात डग्गा पातळ होतो, कारण कमी पातळीला कानाला खालचे स्वर कमीच ऐकू येतात. तेव्हा खालचे स्वर उचलणारं लाउडनेसचं बटण कामाला येतं. दिवसा ते बंदच हवं.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर बंद पेटीचे, म्हणजे पोर्ट नसलेले स्पीकर बघेन. ही जोडी भिंतीपासून लांब ठेवली की आमच्या गॅलरीची वाट अडते.