कित्तूरचा राजवाडा : आधी गोष्ट ऐका, मग जा

दिवाळीला पुण्याहून आत्या आली होती. जयपूर-उदयपूर करून आल्यापासून तिला राजवाडे बघायचं वेडच लागलंय, त्यामुळं चहा व्हायच्या आधीच विचारलं, तुमच्या बेळगावजवळ कुठला राजवाडा आहे रे? आई म्हणाली कित्तूर आहे की, वन्सं, उद्याच जाऊया. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं सेंट्रल बस स्टँडवरून निघालो. सुमारे ५० किलोमीटर आहे, धारवाडच्या रस्त्याला. चढताना कंडक्टरला एवढं विचारून घ्या की बस कित्तूर गावात जाते का हायवेवरच सोडते, म्हणजे वयस्कर माणसांना उन्हात चालावं लागत नाही. कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट असलेल्या शक्ती योजनेत आईचं तिकीट फुकट झालं, आत्याचं आधार पुण्याचं, तिला पैसे पडले. महाराष्ट्रातून येणाऱ्या बायकांनी हे लक्षात ठेवा.

आता वाड्याचं. सरळ सांगतो, आरसेमहाल, झुंबरं असं काही मनात धरून गेलात तर हिरमोड होणार. वाडा पडका आहे. जाडजूड भिंती उभ्या आहेत, वर आकाश. स्वयंपाकघर, न्हाणीघर, पाणी खेळवायची सोय, सगळं नीट बघितलं की ओळखू येतं, खरं दहा मिनिटांत फेरी मारून फोटो काढून परत जाणारे पण खूप दिसले. आत्या पण पहिल्यांदा एका जोत्यावर बसली आणि म्हणाली, एवढंच?

मग मी तिला बसल्या जागीच गोष्ट सांगायला लागलो. शाळेत कन्नडच्या पुस्तकात धडा होता, तो अजून पाठ आहे. काकती, जे आपल्या बेळगावला लागूनच आहे, तिथली लेक चन्नम्मा, ती या घरात राजे मल्लसर्जांची दुसरी राणी म्हणून आली. या मल्लसर्जांना दुसऱ्या बाजीरावानं पुण्यात नेऊन कैदेत ठेवलं होतं, तिथून सुटले आणि १८१६ ला गेले. हे ऐकून आत्या गप्पच झाली, आमच्या पुण्यात? म्हणाली. पुढं १८२४ ला गादीवरचा मुलगा पण गेला, राणीनं शिवलिंगप्पाला दत्तक घेतलं, ते इंग्रजांनी मानलं नाही. धारवाडचा कलेक्टर थॅकरे तोफा घेऊन याच किल्ल्यासमोर आला आणि २३ ऑक्टोबर १८२४ ला इथंच मारला गेला. दोन इंग्रज अधिकारी राणीनं पकडून ठेवले आणि बोलणी झाल्यावर सोडून पण दिले. तरी डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले, किल्ला पडला, राणीला बैलहोंगलला कैदेत टाकलं आणि तिथंच १८२९ ला ती गेली. १८५७ च्या तेहतीस वर्षं आधीचं आहे हे सगळं!

त्यानंतर तीच आत्या दोन तास हलली नाही तिथनं. प्रत्येक खोलीत जाऊन हे काय असेल, ते काय असेल. मी कन्नड पाट्या वाचून मराठीत सांगत होतो. वाड्यात ध्रुवतारा बघायला भिंतीत बसवलेली एक नळी आहे, ती चुकवू नका. दिवसा तारा कुठला दिसायला, खरं आत्यानं एक डोळा मिटून दुसरा तिथं लावला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. पलीकडं रुपयाएवढं निळं आकाश. मग हळूच म्हणाली, राणीनं पण असंच बघितलं असेल ना रे? मला काही बोलायलाच सुचलं नाही.

आवारातच म्युझियम आहे, तलवारी, कोरीव मूर्ती वगैरे, ते पण बघा. एका गोष्टीचा मात्र मनापासून राग आला. भिंतीवर खिळ्यानं नावं कोरून ठेवलीत लोकांनी, बाण, बदाम, तारखा. ज्या भिंतींनी तोफा झेलल्या त्यांच्यावर? आई तर पदरानं पुसायला गेली, कोरलेलं पुसतंय कुठं.

सावली कमी आहे म्हणून सकाळी लवकरच जा, पाणी आणि टोपी घ्या. जेवण घरनंच न्या. आम्ही येताना हायवेवरच्या एका हॉटेलात जेवलो, नाव लिहीत नाही, गार भात आणि आंबट सांबार, तेवढाच पैसा वाया गेला. त्यापेक्षा भाकरी-चटणी बांधून न्यायला हवी होती.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कमी केला कारण मराठी पाहुण्यांना समजावून सांगणारं आम्हाला तिथं कोणी भेटलं नाही, सोबत कन्नड येणारं माणूस असेल तर पाचच धरा. लहान पोरांना तर न्याच, फक्त आदल्या रात्री गोष्ट सांगून ठेवा.

आत्या परवा पुण्याला गेली. पिशवीत दोन किलो कुंदा, आणि बसमध्ये चढता चढता म्हणाली, पुढच्या वेळी बैलहोंगलला समाधी बघायला जायचं, आणि राणीचा शूर शिलेदार संगोळ्ळी रायण्णा, त्याला जिथं फाशी दिलं ते नंदगड पण.