बीमला कार्बन फायबर की जॅकेटिंग?

खानापूरच्या मित्राला दुकानावर मजला चढवायचाय, पण खालचे बीम कमी पडतात. बीमला कार्बन फायबरच्या पट्ट्या चिकटवाव्यात की जॅकेटिंग करावं, म्हणजे जुन्या बीमभोवती नवी सळई बांधून काँक्रीटचा थर चढवावा, यात तो अडकलाय.

खर्चात जॅकेटिंग स्वस्त. सळई, सिमेंट, गवंडी सगळं बेळगावात मिळतं. फायबर आणि ते चिकटवायचं इपॉक्सी महाग, पण काम काही दिवसांत उरकतं. जॅकेटिंगला सेंट्रिंग (साचा बांधणं), क्युरिंग (पाणी मारत राहणं) आलं, शिवाय बीम जाड होतो, वजन वाढतं.

टिकाऊपणा मात्र नीट बघा. फायबर गंजत नाही, पण खानापूरच्या पावसात छत गळून आतली सळई गंजली असेल, तर काँक्रीट फुगतं आणि वरची पट्टीही सुटते. आगीत इपॉक्सी लवकर मऊ पडतं, त्यामुळे भटारखान्यावर मी ते सुचवणार नाही.

काँक्रीट धड असेल आणि दुकान बंद ठेवणं परवडत नसेल तर फायबर. बीम झिजलाय, वाकलाय, तर जॅकेटिंगच. मजला चढवायचा तर स्ट्रक्चरल इंजिनियरकडून पाया आणि कॉलमही आधी तपासून घ्या.