मुरूडच्या किनाऱ्यावर काळूसह चार दिवस

वावरात राखणीला असलेल्या कुत्र्याला समुद्रावर कशाला नेता, असे गावात अनेकांनी विचारले. परंतु घरची सर्व माणसे बाहेर पडणार असताना काळूला शेजाऱ्यांच्या गळ्यात टाकणे आम्हाला पटले नाही. म्हणून फेब्रुवारीत दापोली तालुक्यातील मुरूड येथे, कुत्र्यांना प्रवेश असलेले एक घरगुती निवासस्थान आम्ही निवडले. रेल्वेत कुत्र्यासाठी वातानुकूलित प्रथम वर्गातील अख्खा कप्पा घ्यावा लागतो, नाहीतर त्याला गार्डाच्या डब्यातील पेटीत ठेवावे लागते. वर्धा जिल्ह्यातील आर्वीकडून समृद्धी महामार्ग सोयीचा असल्याने आम्ही गाडीनेच गेलो.

आरक्षणाच्या वेळी ‘कुत्रा कोणत्या जातीचा?’ अशी विचारणा झाली. गावठी असल्याचे सांगताच पलीकडचा आवाज थोडा थंडावला आणि रोजचे 300 रुपये जास्तीचे सांगण्यात आले, ज्यांचा जाहिरातीत उल्लेखही नव्हता. लसीकरणाची नोंदवही मागितली, ते मात्र योग्यच झाले.

प्रत्यक्ष व्यवस्था चांगली होती. फाटकाशेजारीच गोड्या पाण्याचा नळ असल्याने अंगावरचे मीठ आणि वाळू धुऊनच काळू आत येई. ओट्यावरच्या फळ्यावर भरती-ओहोटीच्या वेळा रोज लिहिल्या जात. भरती दररोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, हे आम्हा कोरडवाहू माणसांना त्या फळ्यामुळेच उमगले, आणि ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर त्याला मनसोक्त पळवता आले.

पहिल्याच संध्याकाळी काळूने नाल्याचे पाणी समजून लाटेत तोंड घातले, चार घोट घेतले, जोरात शिंकला आणि आम्हीच त्याला फसवले असावे अशा नजरेने पाहत राहिला. रात्री त्याला उलट्या झाल्या. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. तेव्हा किनाऱ्यावर जाताना पिण्याचे पाणी आणि वाडगे सोबत न्यावे, एवढी एक ओळ त्या फळ्यावर असायला हवी होती. यजमानांच्या घरच्या काकूंनी मात्र त्याला थोडे थोडे गोडे पाणी पाजायला लावले आणि दुसऱ्या दिवशी काटे काढलेला मासा भातात कालवून दिला. एरवी ज्वारीची भाकर आणि ताक खाणाऱ्या काळूने वाडगे चाटून पुसले.

जवळच्या आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि कुत्री ती उकरून खातात, म्हणून तिकडे काळूला नेऊ नका, असे यजमानांनी स्वतःहून बजावले. व्यवसायाला मुरड घालून दिलेला हा सल्ला मला फार मोलाचा वाटला. पुन्हा गेलो तर याच घरी उतरू. जास्तीचे पैसे किती, ते मात्र आधीच लेखी मागून घेऊ.