ओटीपी मागणारे अभिप्राय-ॲप : जिनिंगमध्ये आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

कामगारांच्या सूचना गोळा करणाऱ्या आमच्या ॲपच्या नूतनीकरणाचे देयक मागच्या आठवड्यात हाती आले. ६२ कामगार, प्रत्येकी दरमहा ४० रुपये, म्हणजे वर्षाचे २९,७६० रुपये. मे महिन्यात आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, प्रत्यक्ष कामावर १४ माणसे होती. कापसाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि होळीनंतर ओसरत जातो, ही गोष्ट हिंगणघाटच्या बाजूला लहान मुलालाही ठाऊक आहे. खरेदीच्या वेळी मी ती कंपनीच्या प्रतिनिधीला दोनदा सांगितली होती, तरीही आकारणी बाराही महिने ६२ जणांचीच झाली. हा अनुभव लिहायला बसण्याचे तात्कालिक कारण हे देयक असले, तरी माझी मुख्य तक्रार पैशांची नाही.

आठवड्याची प्रश्नावली, निनावी सूचना, विभागवार तक्ते या सोयी अशा सर्वच ॲपमध्ये सारख्या असतात, म्हणून त्यांचे वर्णन करत नाही. माझे बोट एकाच ठिकाणी आहे : सूचना निनावी राहील असे पहिल्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचे आणि दुसऱ्याच पडद्यावर मोबाइल क्रमांक मागून त्यावर ओटीपी पाठवायचा. ज्या माणसाला आपले नाव कळण्याची भीती वाटते, त्याच्याकडून आधी त्याचा क्रमांक घेतला जात असेल, तर खाली गोपनीयतेची कितीही कलमे छापली तरी तो ती वाचणार नाही आणि त्याने का वाचावीत, हेही मला सांगता येणार नाही.

पहिल्या सहा आठवड्यांत ४ सूचना आल्या आणि चारही कार्यालयात बसणाऱ्या लोकांच्या होत्या. कापूस निवडणाऱ्या २३ बायकांपैकी एकीनेही ॲप उघडले नव्हते. मी त्यांच्यातल्या सर्वांत जुन्या मावशींना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, आमच्या घरी मोबाइल एकच हाय, तो बी त्यायच्यापाशी रायते. नंबर आला का पयले त्यायलेच समजते, मंग मुकादमाले." एवढे ऐकल्यावर माझा राग कंपनीवर जितका होता, तितकाच स्वतःवरही होता, कारण फोन कोणाच्या हातात असतो हे खरेदीपूर्वी विचारणे माझे काम होते.

कंपनीशी यावर जवळपास दीड महिना वाद चालला. सुरक्षिततेसाठी ओटीपी अनिवार्य आहे, हे एकच उत्तर प्रत्येक वेळी नव्या माणसाकडून मिळत गेले. शेवटी जानेवारीत त्यांनी ओटीपीविना उघडणारी एक सामायिक लिंक दिली. कार्यालयातला एक जुना फोन आम्ही निवड-शेडमध्ये पाण्याच्या टाकीजवळ ठेवला. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना बोलून सूचना नोंदवता येत होती, आणि ही सोय खरोखर चांगली आहे.

ओटीपी गेला की सूचनांचा ओघ सुरू होईल असे मी गृहीत धरले होते, पण तसे झाले नाही. येथे मला माझे मत बदलावे लागले. पहिले कारण ॲपच्या तक्त्यात सापडले. 'विभाग : प्रेस, पाळी : रात्र' असे लिहून खाली तक्रार दाखवली, तर नावाची गरजच उरत नाही, कारण रात्रीच्या प्रेसवर, म्हणजे रुई दाबून गाठी बांधण्याच्या यंत्रावर, आमची ३ माणसे आहेत. पाचापेक्षा कमी उत्तरे असतील तर विभाग दाखवूच नये, ही मर्यादा ॲपमध्ये घालता येते. मात्र ती मुळात बंद असते आणि ती कुठे आहे हे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते.

दुसरे कारण आमच्याकडचे होते. तोपर्यंत आलेल्या ११ सूचनांपैकी ९ सूचनांना मी काहीच उत्तर दिले नव्हते. त्यांतील एक अशी होती की बायकांची पाळी सहाला सुटते आणि त्यांच्या गावाकडची शेवटची एसटी सहालाच फाट्यावरून निघते, म्हणून पाळी वीस मिनिटे आधी सुरू करून वीस मिनिटे आधी सोडावी. यात एक रुपयाचाही खर्च नव्हता, आणि ही सूचना माझ्याकडे २६ दिवस पडून होती. त्या काळात त्या बायका रोज अंधारात अडीच किलोमीटर चालत होत्या.

ॲपमध्ये प्रत्येक सूचनेपुढे मिळाली, विचारात, झाली, होणार नाही अशी स्थिती तारखेसह नोंदवता येते. मी या सोयीकडे आधी लक्षही दिले नव्हते. आज मला तीच सर्वांत मोलाची वाटते. वजनकाट्याजवळ आम्ही साधा फळा लावला आणि ही स्थिती दर सोमवारी त्यावर खडूने लिहू लागलो. 'होणार नाही' असे लिहिले तर कारणही लिहायचे, हा नियम ठेवला. पाळीची वेळ बदलल्याची नोंद फळ्यावर आली आणि पुढच्या दोन महिन्यांत ३७ सूचना आल्या.

त्यांतल्या दोन सूचनांनी संपूर्ण वर्गणी वसूल केली असे मी मालकांना सांगितले. शेतकरी खताच्या प्लास्टिक पोत्यांत कापूस आणतात आणि त्या पोत्यांचे धागे रुईत जातात, हे आम्हालाही माहीत होते. पण धागे बहुतेक पोत्याचे तोंड कापताना सुटतात, म्हणून ते तोंड ढिगावर न कापता बाजूच्या ताडपत्रीवर कापावे, हे निवड करणाऱ्या बाईंनी सुचवले. १७० किलोच्या गाठीत गेलेला धागा पुढे सूतगिरणीत सापडतो आणि नाव आमचे खराब होते. दुसरी सूचना सरकी काढणाऱ्या डबल रोलर मशीनवरच्या माणसाची होती. कापसातून आलेला लोखंडाचा तुकडा किंवा खडा वाजला, तरी मुकादमाला विचारल्याशिवाय मशीन बंद करण्याची मुभा त्याला नव्हती. अशा तुकड्याच्या घर्षणाने उडालेल्या ठिणगीने जिनिंगला आगी लागतात. जपानच्या टोयोटा कंपनीत दोष दिसताच दोरी ओढून काम थांबवण्याचा अधिकार साध्या कामगाराला दिलेला आहे आणि कामगारांच्या सूचनांची पद्धत तेथे १९५१ पासून चालत आली आहे. आम्ही मात्र आग विझवण्याच्या वाळूच्या बादल्या मोजत होतो आणि बटण दाबण्याची परवानगी देत नव्हतो. आता ती दिली आहे.

खरेदी करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ॲप घेतले की समितीची गरज नाही, असे आम्हाला सांगण्यात आले होते. ते चुकीचे आहे. २० किंवा अधिक कामगार असतील तेथे तक्रार निवारण समिती असावी, ही तरतूद २०१० च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात आली आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. समितीत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असावे लागतात. सूचना आणि गाऱ्हाणे यांत फरक आहे, आणि मजुरी कापल्याचे गाऱ्हाणे फोनमध्ये बोलून संपत नाही.

नूतनीकरणाबाबत मी कंपनीला लेखी कळवले आहे की आकारणी हजेरीपटावरील संख्येनुसार व्हावी, ओटीपी कायमचा काढावा आणि पाच उत्तरांची मर्यादा मुळातच चालू असावी. तिन्ही अटी मान्य झाल्या तरच दिवाळीपूर्वी पैसे भरू. तोवर आम्ही गावातल्या वेल्डरकडून ६५० रुपयांत पत्र्याची पेटी करून घेतली आहे. तिची किल्ली मुकादमाकडे किंवा माझ्याकडे नाही, त्या मावशींकडे आहे, आणि पेटी सोमवारी सर्वांसमोर उघडली जाते. फळ्यावर सध्या एकच ओळ उरली आहे : 'बायकांसाठी दुसरे शौचालय, विचारात, ९ एप्रिल.' गवंड्याचा अंदाज आला आहे, मालकांची सही बाकी आहे, आणि हंगामाची पहिली गाडी काट्यावर येण्याआधी ती ओळ मला बदलायची आहे.