केसांच्या घरगुती प्रसाधनांसाठी झॅन्थन गम: जेलसाठी उत्तम, कंडिशनरसाठी नको

घरी शाम्पू, जेल किंवा लीव्ह-इन (न धुता केसांतच ठेवायचे प्रसाधन) तयार करणाऱ्यांची पहिली तक्रार बहुधा एकच असते: घटक चांगले निवडलेले असतात, पण मिश्रण पाण्यासारखे पातळ राहते आणि टाळूवर पसरण्याआधीच कपाळावर ओघळते. हा पातळपणा घालवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पदार्थांत झॅन्थन गमची पूड सर्वांत सहज मिळते. जेल, शाम्पू आणि कंडिशनर या तिन्हींच्या संदर्भात तिचा विचार केल्यावर माझे मत असे झाले आहे की, जेलसाठी ती उत्तम, शाम्पूसाठी पुरेशी आणि कंडिशनरसाठी पूर्णपणे अयोग्य आहे.

झॅन्थोमोनास कॅम्पेस्ट्रिस नावाचे जिवाणू शर्करेचे किण्वन करतात, त्यातून हा गम मिळतो. तो पाण्यात विरघळण्यासाठी उष्णतेची गरज नसते, ही नवशिक्यांच्या दृष्टीने मोठी सोय आहे. प्रमाणही अगदी थोडे लागते. १०० ग्रॅम मिश्रणात अर्धा ग्रॅम पूड घातली तर ओतता येईल असे सैलसर जेल तयार होते, आणि एक ग्रॅम घातली तर ते चांगलेच दाट होते. त्यामुळे एक ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवणारा काटा या कामी निरुपयोगी ठरतो, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा जवळ असणे आवश्यक आहे. चमच्याने माप घेऊन केलेले जेल दर वेळी वेगळे होते आणि दोष मात्र पुडीला दिला जातो.

या गमचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण म्हणजे दाब पडताच पातळ होणे आणि दाब थांबताच पुन्हा दाट होणे. बाटलीत स्थिर असलेले जेल तळहातांवर चोळले की सहज पसरते आणि केसांच्या बटांवर लावल्यानंतर खाली घसरत नाही. याच गुणामुळे मिश्रणातील बारीक कण तळाशी न बसता तरंगत राहतात. शिवाय केसांच्या प्रसाधनांसाठी योग्य मानल्या जाणाऱ्या ४.५ ते ५.५ या पीएचमध्ये (आम्लता दाखवणाऱ्या मापात) त्याचा दाटपणा टिकतो, आणि क्षारांचाही त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. कार्बोमर या दाटपणा आणणाऱ्या कृत्रिम पदार्थाचे तसे नाही. ते काचेसारखे स्वच्छ जेल देते हे खरे, परंतु त्याला आधी अल्कलीने उदासीन करावे लागते, आणि क्षार असलेला कोरफडीचा रस मोठ्या प्रमाणात घातला की ते पातळ होऊ लागते. कोरफडीवर आधारित जेल करणाऱ्याने म्हणूनच झॅन्थन गम निवडावा, असे मी आग्रहाने सांगेन.

पूड थेट पाण्यात टाकल्यास वरचा थर लगेच फुगतो, आत कोरडी पूड अडकते आणि नंतर कितीही ढवळले तरी मोडत नाहीत अशा गुठळ्या होतात. ग्लिसरीनमध्ये हा गम फुगत नाही. त्यामुळे पूड आधी तिच्या चार-पाच पट ग्लिसरीनमध्ये कालवून घ्यावी आणि मगच ढवळत ढवळत पाण्यात मिसळावी. वेगवान ब्लेंडर वापरल्यास हवेचे बुडबुडे जेलमध्ये अडकून राहतात, म्हणून हाताने ढवळून मिश्रण काही वेळ झाकून ठेवणे अधिक चांगले. साध्या पुडीचे जेल धूसर दिसते. पारदर्शक हवे असल्यास मुद्दाम पारदर्शक प्रतीचीच पूड घ्यावी.

स्पर्शाच्या बाबतीत मात्र माझी नाराजी आहे. प्रमाण एक टक्क्याच्या वर गेले की जेल बुळबुळीत लागते, त्याला तार सुटते, आणि वाळल्यावर केसांवर पांढरट पापुद्रे दिसू शकतात. कुरळ्या केसांचा आकार दिवसभर धरून ठेवण्याइतकी पकडही त्यात नाही.

शाम्पूमध्ये झॅन्थन गमची गरज कोणत्या सर्फॅक्टंटचा, म्हणजे मळ काढणाऱ्या व फेस देणाऱ्या घटकाचा, वापर केला आहे यावर ठरते. सोडियम लॉरेथ सल्फेट असलेला शाम्पू साध्या मिठानेही दाट होतो, मात्र ठरावीक मर्यादेपुढे मीठ वाढवले की तो उलट पातळ होतो. डेसिल ग्लुकोसाइडसारख्या सौम्य सर्फॅक्टंटवर मिठाची मात्रा चालत नाही, आणि तेथे झॅन्थन गम खरोखर उपयोगी पडतो.

कंडिशनरमध्ये अडचण विद्युतभाराची आहे. झॅन्थन गम ऋणभारित आहे, तर केसांना मऊपणा देणारे बेहेनट्रायमोनियम किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड हे घटक धनभारित असतात. दोघे एकत्र आले की परस्परांना बांधून टाकतात, साका तयार होतो आणि कंडिशनर फाटते. पूड कितीही काळजीपूर्वक मिसळली तरी हे टळत नाही. तेथे सेटिल किंवा सेटिअरिल अल्कोहोल (मेणासारखे घट्ट, दाटपणा आणणारे पदार्थ) वापरावे, आणि पाण्यासारखे पातळ धनभारित मिश्रण दाट करायचे असल्यास भाररहित हायड्रॉक्सीएथिल सेल्युलोज घ्यावे. विक्रीच्या पाकिटांवर ही सूचना ठळकपणे छापलेली नसते, हे मला अत्यंत खटकते.

हा गम म्हणजे मुळात शर्कराच असल्याने पाण्यासह तो बुरशी आणि जिवाणूंना खाद्य पुरवतो. दाट जेल पातळ द्रवापेक्षा जास्त टिकते हा समज चुकीचा आहे, आणि केवळ फ्रिजमध्ये ठेवणेही पुरेसे नाही. फिनॉक्सीइथेनॉल असलेले प्रिझर्व्हेटिव्ह (जंतूंची वाढ रोखणारा घटक), फिनॉक्सीइथेनॉल १ टक्क्याच्या आत राहील अशा बेताने, वापरावे. सोडियम बेंझोएट निवडल्यास पीएच ५ च्या खाली आहे याची पीएच मोजणाऱ्या पट्टीने खात्री करून घ्यावी, कारण त्याहून वर त्याचा प्रभाव झपाट्याने घटतो. पहिल्या खरेदीत पारदर्शक प्रतीची छोटी पुडी पुरेशी आहे. एवढ्या कमी प्रमाणात लागणारा हा पदार्थ घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत दीर्घकाळ चांगला राहतो.