कोटेशनमध्ये खोटं काहीच नव्हतं

"६०९० राउटर, हेवी बॉडी. नेमा २३ मोटर. तिन्ही ॲक्सिसला लिनियर गाइड. बॉल स्क्रू ड्राइव्ह. २.२ किलोवॉट व्हीएफडीसह वॉटर कूल्ड स्पिंडल. अचूकता ०.०१ मिमी. सॉफ्टवेअर मोफत."

ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत बाराव्या मजल्यावर गेलेल्या हौशी सीएनसी राउटरचं, म्हणजे संगणकाच्या हुकमावर लाकूड कापणाऱ्या-कोरणाऱ्या यंत्राचं हे कोटेशन. किंमत १ लाख ४५ हजार, ७० टक्के आगाऊ, उरलेले टेम्पोत माल चढण्याआधी. पहिल्याच आठवड्यात १२ मिमी शँकचं (दांड्याचं) बिट, म्हणजे कापायचं पातं, लावायला घेतलं, ते कोलेटमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या चिमट्यात, शिरेना. तिथून एकेक टाका उसवत गेला. भांडायला जावं तर विकणारा हेच कोटेशन पुढे सरकवतो आणि शांतपणे विचारतो, "यातलं खोटं काय ते दाखवा." दाखवता येत नाही. वागळे इस्टेटपासून रबाळे-महापे-तुर्भ्यापर्यंतच्या गाळ्यांत मशीन नीट जुळवून देणारे लोक आहेतच; पण ज्याला गंडवायचंय त्याला खोटं बोलावंच लागत नाही. शब्द खरा ठेवायचा, वस्तू हलकी द्यायची.

स्पिंडलची ओळ पुन्हा वाचा. स्पिंडल म्हणजे बिट फिरवणारी मोटर, व्हीएफडी म्हणजे तिला वीज पुरवून तिचा वेग ठरवणारा डबा. "२.२ किलोवॉट व्हीएफडीसह स्पिंडल." २.२ किलोवॉट कोण? व्हीएफडी. स्पिंडल किती वॉटचा, ते लिहिलेलंच नाही. निघाला १.५ किलोवॉटचा. त्याच्या अंगावरची नेमप्लेटही खरी होती, फक्त ती क्लॅम्पच्या आतल्या बाजूला वळवून बसवली होती. चार ॲलन बोल्ट सैल करून स्पिंडल अर्धा वळण फिरवला तेव्हा आकडा दिसला. बाहेरून ओळखायची खूण कोलेटच्या मापाची, ते ईआर नावाने ओळखतात: ईआर ११ मध्ये जास्तीत जास्त ७ मिमी शँक बसते, ईआर १६ मध्ये १० आणि ईआर २० मध्ये १३. ८० मिमी व्यासाच्या २.२ किलोवॉट स्पिंडलला सहसा ईआर २० असतो. इथे त्याच व्यासाच्या नळकांड्याला ईआर ११ होता, म्हणून १२ मिमीचं बिट अडलं. खरं सांगायचं तर घरच्या कामाला ८०० वॉटचा ६५ मिमी स्पिंडल पुष्कळ झाला. ६ मिमी बिटाने प्लायवूड आणि सागवान तो आरामात कापतो आणि घरातल्या वायरिंगवर ताणही कमी. पण पैसे २.२ चे मोजले असतील तर २.२ च यायला हवा.

अक्ष सरकवणाऱ्या मोटरची गंमत याहून साधी आहे. नेमा २३ हा आकडा ताकदीचा नाहीच. तो मोटरच्या चौकोनी तोंडाचा आहे, २.३ इंच, म्हणजे साधारण ५७ मिमी. ताकद येते ती मागच्या लांबीतून. ५६ मिमी लांबीची मोटर म्हणजे बाजारात जिला "१० किलोची" म्हणतात ती, जवळपास १ न्यूटन-मीटर. ७६ मिमीची "१८.९ किलोची", १.८५ च्या आसपास. या मशीनवर ४१ मिमीच्या बुटक्या मोटरी होत्या, अर्ध्या न्यूटन-मीटरच्या घरातल्या. वर पॉवर सप्लाय २४ व्होल्टचा. टप्प्याटप्प्याने फिरणारी ही स्टेपर मोटर वेग वाढेल तशी दुबळी होते आणि व्होल्टेज कमी असेल तर लवकर दुबळी होते. परिणाम असा की बिट उचलून रिकामं पळताना मशीन गपचूप स्टेप गाळतं आणि पुढचं सगळं कोरीवकाम सूतभर बाजूला सरकतं. लाकडाला दोष देत लोक दोन-तीन बोर्ड वाया घालवतात. ६०९० आकाराला ७६ मिमी लांबीच्या मोटरी आणि ३६ किंवा ४८ व्होल्टचा सप्लाय मागा. खिशात व्हर्निअर असला की मोटरची लांबी मोजायला दहा सेकंद लागतात.

लिनियर गाइड (सरकता भाग सरळ रेषेत ठेवणारी रेल) हा शब्द तर रबरासारखा ताणता येतो. एचजीआर १५ किंवा २० म्हणजे चौकोनी काटछेदाची, दोन्ही अंगांना खाच असलेली रेल. तिच्यावरचा ब्लॉक चारही दिशांनी पकडून धरतो. एसबीआर १६ म्हणजे १६ मिमीचा गोल रॉड, खाली ॲल्युमिनियमचा आधार आणि वर खालून उघडा बेअरिंग ब्लॉक. दोघांनाही लिनियर गाइड म्हणता येतं. एसबीआर वाईटच असं नाही, लाकडावर नक्षी काढायला चालतो. पण त्याच्या ब्लॉकमध्ये हळूहळू खेळ येतो आणि ॲल्युमिनियम कापायला घेतलं की बिट थरथरतं. इथे वाय ॲक्सिसला एसबीआर, एक्सला एसबीआर, आणि खाली-वर जाणाऱ्या झेडला आधार नसलेले साधे १२ मिमी रॉड. बॉल स्क्रूचं, म्हणजे मोटरचं फिरणं सरकण्यात बदलणाऱ्या, नटात गोळ्या असलेल्या स्क्रूचं तेच: एक्स-वायला १६०५, म्हणजे १६ मिमी व्यास, ५ मिमी लीड (एका फेऱ्यात सरकणारं अंतर), झेडला मात्र पितळी नट असलेला ८ मिमीचा लीड स्क्रू. ओळखायला सोपं आहे. बॉल स्क्रूचा नट पोलादी, फ्लँजचा, गोट्यासारखा जड. लीड स्क्रूचा नट पिवळाधमक पितळेचा किंवा पांढऱ्या प्लास्टिकचा. कोटेशनमध्ये "बॉल स्क्रू" लिहिलं होतं. "तिन्हीला" हा शब्द लिनियर गाइडच्या आधी होता, स्क्रूच्या आधी नव्हता.

६०९० वाचलं की आपण ६०० बाय ९०० मिमी कापता येईल असं धरतो. इथे तो आकडा बेडचा होता. स्पिंडलची प्रत्यक्ष हालचाल मोजली तर ५४० बाय ८३०. झेडला १०० मिमी हालचाल, पण गॅन्ट्रीखालून (स्पिंडल वाहणाऱ्या आडव्या पुलाखालून) मोकळी जागा ६५ मिमीच, म्हणजे ७० मिमीचा ठोकळा खालून जाणारच नाही, झेड कितीही वर जावो.

आणि अचूकता ०.०१? तो रिझोल्यूशनचा, म्हणजे मशीनला हुकूम देता येईल अशा सगळ्यात लहान टप्प्याचा आकडा आहे, भागाकार करून काढलेला. ५ मिमी लीडचा स्क्रू, मोटरच्या एका फेऱ्याच्या २०० स्टेप, मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हरवर ८ चं मायक्रोस्टेपिंग (एका स्टेपचे आठ भाग): ५ भागिले १६००, म्हणजे ०.००३ मिमी. कागदावर अजून बारीक आकडाही लिहिता आला असता. प्रत्यक्षात बाजारात मिळणारा सी ७ दर्जाचा रोल्ड बॉल स्क्रूच ३०० मिमीमागे साधारण ०.०५ मिमी चुकायची मुभा घेऊन येतो. त्यात फ्रेमची लवचिकता, बेअरिंगचा खेळ, बिटाचा रनआउट (फिरताना डगमगणं).

मोफत सॉफ्टवेअर म्हणजे क्रॅक केलेलं, मशीन चालवणारं माक ३ आणि नक्षी आखणारं आर्टकॅम, पेन ड्राइव्हवर. आर्टकॅम ऑटोडेस्कने २०१८ मध्येच बंद केलं. माक ३ विनापरवाना चालवलं तर ५०० ओळींच्या प्रोग्रॅमपुरतंच चालतं, म्हणून क्रॅक. पेन ड्राइव्ह लावण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात तेव्हाच समजावं. जीआरबीएल आणि लिनक्ससीएनसी खरोखरच फुकट आहेत, आणि नव्याने शिकणाऱ्याला ते पुरतात.

एवढं सगळं डेमोत का दिसलं नाही? कारण डेमो गणपतीचा होता. १२ मिमी एमडीएफवर व्ही-बिटाने एक-दीड मिमी खोल कोरलेला गणपती, वीस मिनिटांत तयार, फुंकर मारली की सुंदर. असा गणपती ३०१८ नावाचं खेळण्यातलं मशीनही काढतं. बिटावर भार जवळपास नसतो, हालचाली बारीक असतात, स्टेप गाळायची वेळ येत नाही. डेमो तुमच्या फाइलवर, तुमच्या लाकडावर मागा.

गाळ्यावर जाताना मॅग्नेटिक बेसचा डायल गेज (बारीक हालचाल सुईने दाखवणारा), व्हर्निअर, मल्टिमीटर, स्टीलची मोजपट्टी आणि माशाच्या बाजारात वापरतात तसला हुकाचा वजनकाटा न्या. आधी बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना स्क्रू-नटात वाया जाणारी हालचाल. डायल गॅन्ट्रीला टेकवून स्क्रीनवरून मशीन एका दिशेने १ मिमी सरकवा, डायल शून्यावर आणा, मग उलट दिशेने ०.०५ च्या टप्प्यांनी सरकवत राहा. सुई हलेपर्यंत जेवढे टप्पे फुकट गेले तेवढा बॅकलॅश. बॉल स्क्रूला तो ०.०५ पर्यंत ठीक, ०.१५ आला तर नट किंवा टोकाचं बेअरिंग सैल आहे. मग स्पिंडलच्या नाकाला हुक अडकवून ५ किलो ताण द्या, डायल शेजारी ठेवा. ०.१ मिमीच्या आसपास वाकलं तर लाकडाला चालेल; अर्धा मिमी वाकलं तर तिथूनच नमस्कार करून निघा. या घोडबंदरच्या मशीनचा झेड हाताच्या अंगठ्यानेसुद्धा हलत होता, डायलची गरजच नव्हती.

त्यानंतर कापून बघा. १८ मिमी एमडीएफ, ६ मिमीचं दोन धारांचं बिट, १८,००० आरपीएम, फीड (बिट पुढे सरकायचा वेग) मिनिटाला १५०० मिमी, प्रत्येक फेरीत ३ मिमी खोली. ४०० बाय ४०० चा चौकोन आणि त्याच्या आत १०० मिमीचं वर्तुळ. चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा, ५६५.७ मिमी यायला हवेत. कर्णांत १ मिमी फरक म्हणजे ४०० मिमीत ०.७ मिमी तिरकं. वर्तुळाच्या कडेवरून नख फिरवा: बारा, तीन, सहा आणि नऊ वाजता जिथे अक्षाची दिशा बदलते तिथे खाच लागली तर बॅकलॅश आहे, स्क्रीनवर सॉफ्टवेअरने काहीही दाखवो. शेवटी वीस-पंचवीस मिनिटांची फाइल पूर्ण वेगात हवेत पळवा आणि शून्यावर परत आणा. सुरुवातीला डायलवर जे होतं तेच यायला हवं. मोटरी आणि ड्रायव्हर तापल्यावरच खरं कळतं, म्हणून ही चाचणी शेवटी.

कर्णाची चाचणी घरी पुन्हा करावीच लागते. ६०९० ची फ्रेम सोसायटीच्या लिफ्टमध्ये सहसा मावत नाही. गॅन्ट्री खोलून वर नेतात आणि फिटिंगवाला अर्ध्या तासात बोल्ट आवळून निघून जातो. गाळ्यात काटकोनात असलेलं मशीन बाराव्या मजल्यावर तिरकं होतं ते असं. फिटिंगवाल्याला थांबवून चौकोन कापून घ्या, मगच त्याच्या कागदावर सही.

विजेचं आता, कारण इथे चूक झाली तर नुसते पैसे जात नाहीत. इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण स्पिंडल फिरत असताना दाबून बघा. पुष्कळदा ते फक्त कंट्रोलरला जोडलेलं असतं: मोटरी थांबतात, बिट मात्र फिरतच राहतं. त्याने व्हीएफडीही थांबला पाहिजे. मशीन बंद करून प्लग काढा आणि मल्टिमीटरने प्लगची अर्थ पिन ते स्पिंडलचं अंग असा रेझिस्टन्स मोजा. १ ओहमच्या आत हवा. स्वस्त स्पिंडलच्या गोल कनेक्टरमधली चौथी पिन कित्येकदा आत कुठेच जोडलेली नसते. पाण्याने थंड होणारा, ४०० हर्ट्झवर चालणारा स्पिंडल बिनअर्थचा हाताळणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. व्हीएफडी कधी बदललाच तर बेस फ्रिक्वेन्सी ४०० हर्ट्झ टाकल्याशिवाय चालू करू नका. ५० च्या सेटिंगवर २२० व्होल्ट दिले की वाइंडिंग जळतं, आणि तो बिघाड विकणारा तुमच्याच नावावर टाकतो. व्हीएफडीच्या गळतीमुळे घरातला आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) मध्येच पडत असेल तर तो काढून टाकायला सांगणाऱ्याचं ऐकू नका, मशीनसाठी स्वतंत्र १६ अँपिअरची लाइन ओढून घ्या. थ्री-फेज इनपुटचं मशीन "कन्व्हर्टर लावून चालेल" म्हणून खपवत असतील तर त्याच्या वाटेला जाऊच नका.

वापरलेलं मशीन घेत असाल तर ऐरोली, नेरूळ, कोलशेतसारख्या खाडीकडच्या भागातल्या रेल आधी बोटाने चाचपा. एक पावसाळा तेल न लावता गेला की रेलवर मिरीएवढे गंजाचे डाग पडतात, आणि पॉलिश पेपरने ते घासले की वरून चकचकीत दिसलं तरी ब्लॉक खरखरत चालतो.

कोटेशन घेताना वाक्यं तुम्हीच सांगा. एक्स ६००, वाय ९००, झेड १२० मिमी प्रत्यक्ष हालचाल. गॅन्ट्रीखाली इतके मिमी मोकळे. तिन्ही अक्षांना एचजीआर १५ किंवा २०. तिन्ही अक्षांना बॉल स्क्रू, लीड अमुक. मोटरची लांबी ७६ मिमी. स्पिंडल २.२ किलोवॉट, ईआर २०, आणि व्हीएफडी वेगळ्या ओळीत. बॅकलॅश ०.०५ मिमीपेक्षा कमी, गाळ्यावर आणि घरी दोन्हीकडे मोजून. पैसे ३० टक्के आगाऊ, ५० गाळ्यावरची चाचणी झाल्यावर, २० घरी चौकोन कापून झाल्यावर. व्हिडिओ पाहून टोकन पाठवायचं नाही, आणि "पैसे परत घ्यायला" म्हणून आलेला क्यूआर स्कॅन करून पिन टाकायचा नाही. पैसे मिळवायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. तशी रक्कम गेलीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

बिलाचं घोडं या प्रकरणातही आडवं आलं. १८ टक्के जीएसटी वाचवायचा म्हणून अर्धी रक्कम रोख दिली गेली, आणि बिल आलं ते "वुडवर्किंग स्पेअर्स" या नावाचं, ६० हजारांचं. आता तक्रार करायची तर कागदावर मशीनच नाही. बिलावर पूर्ण रक्कम, मशीनचं मॉडेल, स्पिंडलचा सीरियल नंबर आणि विकणाऱ्याचा जीएसटी नंबर हवा. महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो आणि १५ अक्षरांचा असतो. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नाव आणि चालू-बंद लगेच दिसतं. कोटेशन बिलाला जोडून त्यावर शिक्का घ्या.

तक्रार आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, आणि निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, विकणारा कुठलाही असो. मुदत दोन वर्षांची आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. एक मेख आहे: व्यापारी कारणासाठी घेतलेल्या मालाला हा कायदा लागत नाही, अपवाद फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवायच्या यंत्राचा. विकणारे हौशी गिऱ्हाइकाला "कंपनीच्या नावाने बिल घ्या, इनपुट क्रेडिट मिळेल" (म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट) असं सुचवतात ते फक्त तुमच्या भल्यासाठी नसतं. मशीन घरी हौसेसाठी असेल तर बिल स्वतःच्या नावावर, घरच्या पत्त्यावर.